समुद्रावर टेहळणीचा ड्रोन: सुरुवात करताना

बोटी ओळखणारं सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेव. आधी ड्रोन सुखरूप परत आणायला शीक, बाकी सगळं जमेल.

गोव्यात दाबोळीला नौदलाचा हंसा तळ, उत्तरेला मोपा विमानतळ. त्यामुळे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा, सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवायचंच नाही.

पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना बॅटरी भरपूर वाटते, परतताना तोच वारा तोंडावर येतो. म्हणून बॅटरी ६० टक्के उरली की लगेच वळ.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- बोटीवरून उडवताना परतीचा बिंदू (ड्रोन आपोआप जिथे परततो ती जागा) न बदलणं. बोट पुढे सरकते, ड्रोन मात्र मूळ जागी, म्हणजे पाण्यात उतरतो.
- लाटांच्या फार जवळ जाणं. हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर फसतात. १० मीटरच्या वरच राहा.
- ड्रोनवर बसलेला खारटपणा तसाच ठेवणं. गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने ड्रोन त्याच दिवशी पूस, कनेक्टर कोरडे कर.