करार 2011 चा, अल्बम 2021 चा

ताई,

तुमची लेक बारावीत, ह्यूस्टनलाच वाढलेली, कंट्री गाणी (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली) स्वतः लिहून गाते. 2022 च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, राष्ट्रगीत गाणारी मिकी गायटन तिचा आदर्श, आणि कॉलेज नको, थेट नॅशव्हिल, म्हणजे टेनेसीतली कंट्री संगीताची राजधानी, असा हट्ट. 'कृष्णवर्णीय मुलीला जमलं, मग आमच्या सावळीला का नाही?' असं तुम्ही विचारता.

जमेलही. पण मिकीला किती वर्षं लागली ते बघा. टेक्सासच्याच आर्लिंग्टनची ही गायिका 2011 मध्ये कॅपिटॉल नॅशव्हिल या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध झाली. पहिला सिंगल, म्हणजे सुटं गाणं, रेडिओवर गेला 2015 ला, आणि लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या विसातही आला नाही. पूर्ण अल्बम निघाला थेट 2021 ला. कंट्रीत रेडिओ स्टेशनांनी उचललं तरच गाणं चालतं, आणि ही स्टेशनं बायकांची गाणी मुळातच कमी लावतात. तिचं नाव झालं 2020 च्या 'ब्लॅक लाइक मी'मुळे, तेही रेडिओच्या फारशा मदतीविना. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. कंट्री विभागात एकटीने गाणाऱ्या कृष्णवर्णीय गायिकेला मिळालेलं ते पहिलंच. हे गाणं तिने आणखी तिघांसोबत लिहिलं होतं.

पैशाच्या दृष्टीने 'लिहिलं' हेच महत्त्वाचं. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की रॉयल्टी लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला (गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) मिळते, गाणाऱ्याला छदामही नाही. म्हणून लेकीला आधी बीएमआय किंवा ॲस्कॅप, म्हणजे ही रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्था, दोन्हींपैकी एकीची सभासद करा. नॅशव्हिलला दोघं-तिघं मिळून गाणं करतात, हिस्से सहसा समान. तरी त्याच दिवशी स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा हिस्सा किती हा कागद, भरून सह्या घ्यायच्या. गाणं चालल्यावर हिशेबाला बसलं की भांडणं ठरलेली.

पब्लिशर गीतकाराला करारावर दरमहा देतो तो 'ड्रॉ' हा पगार नव्हे, उचल आहे. पुढे रॉयल्टीतून वळती होते. करारात 'वर्षाला 12 गाणी' असेल, आणि तिघांनी लिहिलेल्या गाण्याचा एक तृतीयांशच धरत असतील, तर प्रत्यक्षात 36 गाणी लिहावी लागतात. भलेभले इथे अडकतात.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका. नॅशव्हिलमध्येच बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाची पदवी आहे, पण ते खासगी आणि महाग. मर्फ्रीसबरोचं मिडल टेनेसी स्टेट सरकारी आहे, तिथून नॅशव्हिल साधारण पाऊण तासावर. दोन्हीकडे अर्ज करा. शिकता शिकता नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेच्या ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही गायला मिळतं त्या कार्यक्रमाला, जाता येईल, हट्टही पुरा होईल.

स्टुडिओत आत्ताच पैसे घालू नका. तीन गाणी, नुसती गिटार आणि आवाज, फोनवर नीट रेकॉर्ड करा. शब्द आणि चाल ऐकायला एवढं पुरतं. आणि 'गाणं हिट करून देतो' म्हणत उलट तुमच्याकडेच पैसे मागणारा पब्लिशर भेटला, तर तिथून उठून यायचं.