ट्रॅक्शनचे टेबल घेण्यापूर्वी

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अशोक चौकापासून थोड्या अंतरावर, पूर्व भागातच स्वतःचे फिजिओथेरपी केंद्र सुरू करण्याचे तू ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. ज्यांचा दिवस मागाच्या खडखडाटात किंवा विडीच्या सुपापुढे जातो, त्यांना कंबरेच्या उपचारासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मजुरी बुडते म्हणून ती माणसे दुखणे अंगावर काढत राहतात. कर्ज काढून ट्रॅक्शनचे, म्हणजे वजनाने किंवा यंत्राने कंबर ताणण्याचे टेबल घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘घेऊ नकोस’ असे आहे. पण ते एवढ्यावर सोडून दिले तर तू ते केवळ माझ्या वयाला मान देऊन ऐकशील, आणि तसे मला नको आहे.

मी काम सुरू केले तेव्हा कंबरेतून पायात कळ उतरणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कडक बिछान्यावर झोपवत असू, पायांना वजने लावत असू आणि घरी जाताना पट्टा देत असू. तीन-तीन आठवडे पडून राहिलेला विणकर उठला की त्याच्या मांड्या बारीक झालेल्या दिसत, घरात उसनवारी झालेली असे, आणि तरीही तो आमचे आभार मानी, कारण तोवर त्याची कळ ओसरलेली असे. ती आमच्यामुळे ओसरली असे आम्हालाही प्रामाणिकपणे वाटे. पुढे १९९५ साली हेलसिंकी शहरातील १८६ महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास माझ्या वाचनात आला. अचानक कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले होते, काहींना व्यायाम दिले होते आणि उरलेल्यांना सोसवेल तेवढी रोजची कामे चालू ठेवायला सांगितले होते. त्यांत सर्वांत लवकर सावरले ते रोजची कामे चालू ठेवणारे. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्याच, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या १८३ रुग्णांवर अभ्यास झाला आणि दोन आठवडे झोपून राहण्याचा काही जास्तीचा लाभ होत नाही, असे त्यातही दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत ट्रॅक्शन आणि कंबरेचे पट्टे यांची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

मग आमचे रुग्ण बरे कसे होत होते, हे तू नीट समजून घे. आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याच्याकडून लाथ मारून घेण्याची जुनी रीत आहे, आणि तुझ्याकडे येणारे अनेक जण आधी तो उपाय करून आलेले असतील. त्यांना हसू नकोस. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, आणि त्या दिवसांत जो कोणी जवळ असतो, त्याला तिचे श्रेय मिळते. पायाळूच्या पायाला मिळाले तसेच आमच्या वजनांनाही मिळाले. ज्या दुखण्यातून बहुतेक माणसे शरीराच्या स्वतःच्या बळावर बाहेर येतात, त्या दुखण्यात उपचार करणाऱ्याने स्वतःच्या यशाकडे फार कठोरपणे पाहावे लागते. (एक मात्र प्रत्येक घरात सांग: वय झालेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या कंबरेवर कोणी पाय मारू नये, तेवढ्यानेही मणका मोडू शकतो.)

तुझ्याकडे येणारा रुग्ण दुखण्याबरोबर एक शब्दही घेऊन येईल. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द त्याला कोणीतरी एमआरआयच्या कागदावर बोट ठेवून सांगितलेले असतात, आणि त्या दिवसापासून तो वाकत नाही, घागर उचलत नाही, लेकराला कडेवर घेत नाही. तू त्याला नीट सांग की दोन मणक्यांमधली गादी ही साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. ती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या तंतुमय कड्याला चीर पडली तर आतला मऊ भाग बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला त्रास देतो. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये सायटिकाचे हे कारण ठळकपणे मांडले. हा त्रास केवळ दाबाचा नसतो, दाहाचाही असतो, म्हणून दाह उतरला की गादी तिथेच असूनही कळ कमी होते. शिवाय बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळ वेळा हळूहळू शोषून घेते. मोठा फुगवटा पाहून घाबरलेल्या माणसाला ही गोष्ट सांगितली की त्याच्या चेहऱ्यात जो फरक पडतो, तो मी अनेकदा पाहिला आहे.

एमआरआयविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. १९९४ साली ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले गेले, आणि त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. केस पांढरे होतात तशा गाद्याही वयाबरोबर सुकतात. त्यामुळे कागदावर जे दिसते, ते समोरच्या पायात सापडत नसेल, तर त्या कागदाला फार किंमत देऊ नकोस.

पाय तपासायचा कसा, हे तुला शिकवले आहेच, तरी पुन्हा लिहितो, कारण गर्दीच्या दिवशी पहिली काटछाट तपासणीतच होते. चरकसंहितेत सायटिकाला गृध्रसी म्हटले आहे; तिच्या वर्णनात कळ नितंबापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत क्रमाने उतरते. तुझ्या रुग्णालाही कळेची वाट स्वतःच्या बोटाने दाखवायला सांग. गुडघ्याखाली उतरणारी, अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे जाणारी, खोकल्या-शिंकल्यावर वाढणारी कळ मज्जातंतूकडे बोट दाखवते. नुसत्या कंबरेत आणि कुल्ल्यात थांबणारी बहुधा नाही. उताणे झोपवून सरळ पाय वर उचल आणि साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान तीच कळ पायात उतरते का, ते बघ. मग टाचांवर चालायला लाव, चवड्यांवर चालायला लाव, अंगठा तुझ्या बोटाच्या विरोधात वर उचलायला सांग, हातोड्याने हलके ठोकून गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका पाहा. टाचांवर चालता न येणे आणि अंगठा न उचलणे हे बहुधा कंबरेतल्या पाचव्या मज्जातंतूच्या मुळाचे काम असते. चवड्यांवर उभे राहता न येणे हे त्याखालच्या, त्रिकास्थीतल्या पहिल्या मुळाचे. पावलावरची नाडीही चाचपून बघ. विडी ओढणाऱ्या पुष्कळ माणसांची पोटरी चालल्यावर दुखते ती रक्तवाहिनी अरुंद झाल्यामुळे, आणि असा माणूस नुसता उभा राहिला तरी त्याला आराम पडतो. मणक्याची नळी अरुंद झालेल्या म्हाताऱ्याला मात्र बसावे किंवा पुढे वाकावे लागते. तो चार पावले चालताना थांबतो, पण सायकल बिनदिक्कत चालवतो.

आता एक चूक सांगतो, ती माझी आहे. फार वर्षांपूर्वी एक विडी कामगार बाई दोन्ही पाय भरून येतात म्हणून माझ्याकडे आल्या. मी पाय उचलले, शेक दिला, दोन दिवसांनी बोलावले. लघवीविषयी मी विचारले नाही. मी पुरुष आणि त्या संकोची, म्हणून विषय टाळला. त्यांची बैठकीची जागा आदल्या दिवसापासून बधिर होती आणि लघवी होत नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा, आणि लघवीवरचा ताबा त्यांना पुन्हा कधी पुरता मिळाला नाही. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला, पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत विचार: बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवी अडते किंवा कळत नाही का, शौचावरचा ताबा सुटला आहे का, दोन्ही पायांतली शक्ती जाते आहे का. यांतल्या कशालाही ‘हो’ आले तर शेक नाही, व्यायाम नाही, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. तू स्त्री आहेस. बायका तुला हे सांगतील, आणि तुझ्या केंद्राचा सर्वांत मोठा उपयोग मला तोच वाटतो.

ताप, उतरणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यावर सुरू झालेली कळ, या गोष्टीही विचारत जा. कोंदट खोल्यांतून दाटीने राहणाऱ्या वस्तीत मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही.

धोक्याची लक्षणे नसतील तर बहुसंख्यांना पहिल्या सहा आठवड्यांत बराच उतार पडतो, हे दिवस मोजून सांग. सुरुवातीचे एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर पडू दे, त्यापुढे नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब पाहून द्याव्यात. प्रीगॅबालिन हे मज्जातंतूच्या कळेवरचे औषध सायटिकात सर्रास लिहिले जाते, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि चक्कर मात्र जास्त आली; फिरत्या मागाजवळ चक्कर म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. औषध बदलणे आपले काम नाही, पण चक्कर येते आहे हे डॉक्टरांना चिठ्ठीने कळवणे आपले आहे.

शस्त्रक्रियेची भीतीही घालू नकोस आणि घाईही करू नकोस. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतल्या सुमारे ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असे सांगितले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांवर मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. थांबता येते की नाही हे कळेइतकेच घराच्या परिस्थितीवरही ठरते, आणि तो निर्णय रुग्णाचा आहे.

विडीच्या कामाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तुझे निम्मे रुग्ण म्हणजे विडी वळणाऱ्या बायकाच असतील. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने, मान आणि पाठ तासन् तास पुढे झुकलेली, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा बाईला ‘दर अर्ध्या तासाने उठा’ असे सांगणे म्हणजे तिची कमाई कापणे आहे. बसण्याची एकच एक बरोबर पद्धत असते, असे मला आता वाटत नाही. त्रास होतो तो एकाच पद्धतीत फार वेळ राहण्याने. म्हणून तिच्याकडे एकदा घरी जाऊन तिचे काम बघ. पाठ भिंतीला टेकेल अशी जागा, कुल्ल्याखाली चादरीची जाड घडी, सूप टेकायला लहानसा पाट, एक पाय कधी लांब कधी दुमडलेला, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पाने भिजवणे, कापणे आणि विडी वळणे ही कामे एका बैठकीत न उरकता विभागली, पाण्याचा तांब्या हाताशी न ठेवता चुलीपाशी ठेवला, तर उठणे आपोआप घडते आणि मजुरीही जात नाही.

मागावरच्या पोरांची अडचण वेगळी असते. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, मागावर चढवताना कंबर धरली की ते पुढे महिनोन् महिने काहीच उचलत नाहीत, आणि मग गरज पडली की एकदम सगळे उचलतात. त्यांना सिद्धेश्वरांच्या यात्रेचे उदाहरण दे. संक्रांतीला नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा तरुण त्या दिवशी प्रथमच काठीला हात लावत नाही. कित्येक आठवडे आधीपासून सराव करून त्याने आपले शरीर तयार केलेले असते. दुखून उठलेल्या कंबरेलाही ओझ्याची ओळख तशीच थोडी थोडी करून द्यावी लागते. ओझे अंगाजवळ ठेवणे, कमरेत पिळण्याऐवजी पावले वळवणे आणि जड बीमला आणखी एका माणसाला हाक मारणे, हे त्या जोडीला.

दुखणे पुन्हा उलटते, हे मात्र लपवू नकोस. उलटू नये यासाठी माझ्या माहितीत सर्वांत स्वस्त उपाय चालणे हाच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत नेलेले चालणे आणि त्याबरोबर मार्गदर्शन दिले. त्यांच्यात पुढचे दुखणे येईपर्यंतचा मध्यक काळ (ज्याच्या आत निम्म्या लोकांचे दुखणे उलटले तो) २०८ दिवसांचा होता, इतरांत ११२ दिवसांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे उजाडण्यापूर्वीच जमते. बायकांना एकट्याने बाहेर पडणे अवघड जाते, म्हणून गल्लीतल्या चार-पाच जणींना एकत्र कर.

ट्रॅक्शनच्या टेबलासाठी कर्जाखेरीज जे पैसे तू ठेवले असशील, त्यांतून तपासणीचे एक मजबूत टेबल, एक चांगला हातोडा आणि दहा पावले सरळ चालता येईल एवढी मोकळी जागा कर. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की प्रत्येक रुग्ण त्या यंत्रावर चढवावासा वाटतो. मी तो मोह जवळून पाहिला आहे.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलेस की एका बाईंच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि त्यांना कळतही नाही. पत्र मिळताच मी तुला फोन केला तो एवढ्यासाठीच. कळ कमी झाली म्हणून त्या खूश आहेत, पण शक्ती जात असताना कळ कमी होणे हे बरे होणे नव्हे. शल्यचिकित्सकांनी काय सांगितले ते मला कळव, आणि त्या बाईंच्या पायाचा अंगठा किती उचलतो याची रोज तारखेसह नोंद ठेव.

तुझे,
सर