खाड्याची भरपाई आणि टीव्हीचा पैसा

प्रश्न : सर, नमस्कार. माझा भाचा लीड्सला शिकायला आहे. तिथं तो तेरा जणांची रग्बी, म्हणजे रग्बी लीग, बघतो आणि रात्री फोनवर सांगत बसतो. क्लबाने सगळ्या खेळाडूंना मिळून किती पगार द्यायचा यावर तिथं बंधन आहे म्हणे. टीव्हीचे कोट्यवधी येत असताना खेळणाऱ्याचा पगार का अडवायचा ओ? आमच्या मजुरीवर कुणी असली मर्यादा घातली तर?
– एक यंत्रमाग कामगार, वडगाव, बेळगाव

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. आणि तुम्ही मागावरचे, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. हा खेळ जन्मलाच खाड्यातून. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्यांतला आणि खाणींतला माणूस सामन्याला गेला की त्याचा खाडा पडे, मजुरी कापली जाई. रग्बीच्या मूळ संघटनेला खेळाडूने पैसे घेणं मान्य नव्हतं. 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले आणि खाड्याची भरपाई देऊ लागले, दिवसाला फार तर 6 शिलिंग. म्हणजे पैसा आणि पैशावरची मर्यादा, दोन्ही जन्मापासूनच.

मर्यादा का, ते मी अनुभवाने सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका कबड्डी मंडळाची वही मी बारा वर्षं लिहिली. जमा म्हणजे गणपतीची उरलेली वर्गणी आणि दुकानदारांनी दिलेलं काही. आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू एका मोठ्या मंडळाने रोख, बूट आणि खुराक देऊन नेला. त्याच्या घरी कर्ज होतं, त्याला मी कधी दोष दिला नाही. पण त्याच्यामागून आणखी दोघे गेले आणि पुढच्या वर्षी आमचे सात जण भरेनात. तिकडेही तसंच. कॅसलफोर्ड हे जुन्या खाणींचं गाव आपल्या निपाणीहून लहान, तरी त्याचा स्वतःचा क्लब, आणि शेजारी लीड्ससारखं शहर. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या रग्बी लीगच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, क्लबामागे साधारण 21 लाख पौंडांची मर्यादा राहिली आहे; एखाददुसऱ्या मोठ्या खेळाडूपुरती सूट मिळते. ही मर्यादा नसती तर कॅसलफोर्डची पोरं दरवर्षी उचलली गेली असती.

टीव्हीचं गणित मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. 1995 मध्ये टीव्ही-वर्तमानपत्रांचे मालक रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी पाच वर्षांसाठी 8 कोटी 70 लाख पौंडांचा करार झाला आणि शंभर वर्षं हिवाळ्यात खेळला गेलेला खेळ 1996 पासून उन्हाळ्यात गेला. पैसे देणाऱ्याने हंगामच बदलला! हा पैसा सामाईक पेटीत येतो आणि तिथून क्लबांना वाटा मिळतो. 2022 पासूनच्या करारात रक्कम बरीच घसरली, आणि जे क्लब त्या वाट्यावरच जगत होते त्यांची ओढाताण झाली. याच सुपर लीगमध्ये उतरलेल्या कॅनडाच्या टोरांटो क्लबाला तर तो वाटाच नव्हता. सॉनी बिल विल्यम्ससारखा महागडा खेळाडू त्यांनी मालकाच्या पैशावर आणला. 2020 मध्ये कोरोना आला, पगार थकले आणि जुलैत क्लब स्पर्धेतून बाहेर पडला.

मर्यादा चोरूनही मोडली जाते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न स्टॉर्म या क्लबाने खेळाडूंशी लपवून दुसरे करार केले होते. 2010 मध्ये ते उघड झालं, तेव्हा त्यांची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली. दोन वह्या ठेवणाऱ्याला एवढी शिक्षा हवीच.

आता तुमच्या मजुरीचं. वर छत घालणाऱ्याने खाली जोतंही बांधलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये, म्हणजे तिकडच्या मोठ्या रग्बी लीग स्पर्धेत, मुख्य संघातल्या खेळाडूला किमान पगार ठरलेला असतो. तो नसेल तिथे मी तुमच्या बाजूचा.

भाच्याला म्हणावं, एका रविवारी कॅसलफोर्डला जा, तिकीट काढ, आणि क्लबाचा हिशेब सांभाळणाऱ्याला विचार : दारावरचे किती, टीव्हीचे किती? काय सांगितलं ते मला जरूर लिहा.