आजोबांचं बोलणं फोनला कळत नाही, तुला कळतं

नाव छापू नका असं लिहिलं आहेस, म्हणून तुला नुसतं 'कराडची मुलगी' म्हणते. वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. बारावी, पीसीएमबी ग्रुप. दीड वर्षापूर्वी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं मात्र जडच राहिलं. मोबाइलवर ते 'फोन लाव' म्हणतात आणि पडद्यावर 'कोण आला' उमटतं. घरात त्यांची दुभाषी तू. अशा माणसांचं बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर तुला करायचंय. बाबा म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. तुला स्पीच थेरपी खुणावतेय. आणि आईचा प्रश्न असा, की एआय आल्यावर थेरपिस्टला विचारणार कोण?

उत्तर आधीच सांगून टाकते. तुझ्या जागी मी असते तर आधी थेरपी शिकले असते आणि कॉम्प्युटर सोबतीला ठेवला असता. का ते सांगते.

'कोण आला' हे आलं कुठून? फोन आवाजाचे अगदी बारीक तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात कोणता ध्वनी असेल याचा अंदाज बांधतो आणि मग लोक सहसा काय बोलतात त्याच्याशी तो जुळवून घेतो. हे सगळं तो शिकलेला असतो तो बहुतेक धडधाकट माणसांच्या आवाजावरून. आजोबांचे ओठ सैल पडलेत, 'फ' नीट फुटत नाही. फोन 'कळलं नाही' म्हणत नाही, जवळचं एखादं शहाणं वाक्य ठोकून देतो. अडखळत बोलणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. शब्द अडकला की फोनला वाटतं बोलणं संपलं, आणि तो माइक बंद करतो. 'म-म-मला' म्हटलं तर कित्येकदा निमूटपणे 'मला' लिहितो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोलणं लिहून काढणारी 'व्हिस्पर' ही प्रणाली वाचाघात (मेंदूला इजा होऊन शब्द सापडेनासे होणं) झालेल्या आणि न झालेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रणांवर तपासली. सुमारे १ टक्का तुकड्यांत तिनं कुणीच न उच्चारलेली वाक्यं घुसडली होती. वाचाघात असलेल्यांच्या बाबतीत हे जास्त घडलं, बहुधा त्यांच्या बोलण्यात थांबे लांब असतात म्हणून. थांब्यात यंत्र गप्प बसलं नाही, इतकंच.

आता हे बघ. चार वर्षांचं पोर 'काका'ला 'ताता' म्हणतं. फोननं 'काका' लिहिलं तर आपण त्याला हुशार म्हणू. थेरपिस्टला मात्र 'ताता'च ऐकू यायला हवं, कारण जीभ मागे टेकायच्या ऐवजी पुढे टेकतेय ही बातमी त्या 'ताता'तच आहे. त्यात आपली मराठी! 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघ. अक्षर एकच, पण जीभ दोन वेगळ्या जागी जाते. कुणी 'माझी' वेगळं म्हटलं तर तो दोष, गावाकडची बोली की नुसती सवय, हे ठरवायला शिकलेला कान लागतो. तुझं सॉफ्टवेअर कितीही भारी असो, त्याला दिलेल्या आवाजांवर 'इथे अडखळला, इथे ध्वनी लांबला, इथे शब्दच चुकला' अशा खुणा कुणीतरी माणसानंच आधी केलेल्या असाव्या लागतात.

असं वेगळं बोलणं यंत्राला शिकवायचं काम बाहेर सुरू झालंय. गूगलचा 'युफोनिया' प्रकल्प २०१९ मध्ये जाहीर झाला. ॲपलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पॉडकास्टमधले अडखळत्या बोलण्याचे सुमारे २८ हजार छोटे तुकडे खुणा करून खुले केले. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं पाच बड्या कंपन्यांना बरोबर घेऊन अशा आवाजांचा संग्रह सुरू केला. यातलं जवळपास सगळं इंग्रजीत. मराठी आवाज 'कॉमन व्हॉइस', 'भाषिणी' यांसारखे उपक्रम गोळा करतात खरे, पण त्यांचा भर रोजच्या सर्वसाधारण बोलण्यावर. आजोबांसारखे आवाज कोण गोळा करणार, हा प्रश्न तुझ्या पिढीसाठी मोकळाच पडलाय.

स्पीच थेरपिस्ट होण्यासाठीच्या पदवी कोर्सचं नाव बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींचा अभ्यास. शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसह ४ वर्षं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३ पासून), नायर हॉस्पिटलच्या कॉलेजातला विभाग, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, जिचं नाव या क्षेत्रात सगळ्यात आधी घेतलं जातं. प्रवेशाची पद्धत सगळीकडे सारखी नाही, म्हणून प्रत्येकाचं यंदाचं माहितीपत्रक नीट वाच. बायोलॉजी ठेवलीस हे चांगलं केलंस. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, त्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. सोबत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत राहा. उलटं करणं, म्हणजे इंजिनिअर होऊन मग कान तयार करणं, अशक्य नाही. पण कॅम्पसमधून नोकरी लागली की ते 'मग' सहसा येत नाही, एवढं मी पाहिलंय.

आईंना एक गोष्ट सांग. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं बघत नाही, गिळणंही बघतो. झटक्यानंतर पाणी अन्ननलिकेत जातंय की श्वासनलिकेत, हे तपासून पेशंटला काय द्यायचं ते ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ते काम फोनच्या हाती कुणी देणार नाही. बाबांनाही खरं सांग: सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा कमी असतो. आणि स्वतःला विचार, एकच शब्द एकाच माणसाकडून दिवसभरात पन्नास वेळा म्हणवून घेताना कंटाळशील का? कंटाळणार असशील, किंवा माणसापेक्षा आवाजाच्या आलेखातलं गणितच जास्त आवडत असेल, तर बाबांचं ऐक. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घे, सिग्नल प्रोसेसिंगकडे वळ. त्यात काही कमीपणा नाही.

ठरवण्याआधी सुट्टीत एक करून बघ. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्रात' नावाचं, आवाजाचा आलेख दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. आजोबांची रोजची वीस वाक्यं ध्वनिमुद्रित कर आणि वहीत दोन रकाने आख: ते काय म्हणाले, फोननं काय लिहिलं. मग प्रातमध्ये तेच 'फ' आणि 'क' शेजारी ठेवून बघ. 'शब्द बरोबर असतात, फक्त लोळतात' असं तू लिहिलंयस. बहुधा अडचण स्नायूंची आहे, भाषेची नाही. पेल्याला 'चमचा' म्हणत असते तर गोष्ट वेगळी. पण हे मी पत्रावरून सांगतेय, निदान म्हणून नव्हे. दीड वर्ष झालं म्हणून वेळ गेली असं समजू नका. साताऱ्यात किंवा पुण्यात थेरपिस्टला दाखवा, आणि जाताना ती वही घेऊन जा. त्यांना ती उपयोगी पडेल.

ध्वनिमुद्रण करण्याआधी आजोबांना विचार मात्र. 'माझा आवाज कशाला' म्हणाले, तर वीसही वाक्यं राहू देत.