ड्रोन आभाळात विरतो, त्यावर उपाय

प्रश्न : माझ्याकडे हौसेखातर घेतलेला लहान ड्रोन आहे. वजन २४० ग्रॅम, रंग राखाडी. वावराच्या धुऱ्यावर उभा राहून उडवतो, पण शंभरेक मीटरवर गेला की आभाळात दिसेनासा होतो. दिसला तरी तोंड कोणीकडे आहे ते उमगत नाही. भडक रंग दिला तर चालेल का?
— एक वाचक, तालुका हिंगणघाट

उत्तर : नुसत्या रंगाने भागणार नाही. वीस सेंटिमीटरचा ड्रोन शंभर मीटरवरून दिसतो तो हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा. त्यातून तुम्हाला दिसते त्याचे पोट, आणि ते सावलीत असते. मागे लख्ख आभाळ असले की नारिंगी काय नि हिरवा काय, सगळे काळेच दिसते. म्हणून पोटाला चमक नसलेला काळा रंगच बरा. मे महिन्यातल्या पांढुरक्या आभाळात राखाडी सगळ्यात आधी हरवतो.

नारिंगी कामाला येतो तो ड्रोन खाली आला आणि मागे पऱ्हाटी किंवा तुरीचा हिरवा पडदा असला की. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून फ्लोरोसंट नारिंगी स्टिकर घ्या आणि दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फक्त मागच्या दोन दांड्यांना गुंडाळा. पुढच्या तशाच ठेवा, म्हणजे तोंड-शेपूट ओळखू येईल. चंदेरी, धातूचा थर असलेला स्टिकर वरच्या अंगाला नको, जीपीएसचा सिग्नल अडतो. हवेच्या जाळ्या आणि पोटाखालचे सेन्सर मोकळे ठेवा. पंख्याच्या पात्यांना तर काहीच चिकटवू नका. तोल जरासा जरी गेला तरी थरथर होते आणि चित्रीकरण लाटांसारखे हलते.

सकाळ-संध्याकाळी खरा उपयोग लुकलुकणाऱ्या दिव्याचा. चार्जिंगचे छोटे दिवे ५ ते १० ग्रॅमचे मिळतात. मागे लाल, पुढे पांढरा, दोन्हींची तोंडे खाली. पाठीवर लावलेला दिवा खालून दिसतच नाही. लोहचुंबकाने चिकटणारा घेऊ नका, होकायंत्र बिघडते. दुहेरी टेप वापरा. उजेड पोटाच्या सेन्सरवर पडला तर कमी उंचीवर ड्रोन एका जागी ठरत नाही, सरकत राहतो. भर दुपारच्या उन्हात मात्र या दिव्यांवर भिस्त ठेवू नका.

आता वजन. ५ ग्रॅमचे दोन दिवे आणि वर टेप, म्हणजे तुमचा ड्रोन अडीचशेच्या पार गेलाच. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे मायक्रो, आणि मायक्रोला नियम जास्त. तेव्हा एकच दिवा लावा, तो मागे. बॅटरी, पंखे, दिवा सगळे चढवून सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या.

डोळ्यांचेही एक आहे. रिकाम्या आभाळाकडे पाहताना नजर आपोआप जवळ ठरते आणि लांबचा ठिपका पुसट होतो. आधी दूरच्या बाभळीच्या शेंड्यावर नजर लावा, मग वर न्या. सूर्य पाठीशी असू द्या.

प्रश्न : तुरीत पडलेला ड्रोन सापडत नाही. चकाकणारी टेप लावावी का?
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : जरूर लावा, पण ती रात्री शोधण्यासाठी. ही टेप उजेड आला त्याच दिशेला परत फेकते, म्हणून दिवसा उडताना तिचा उपयोग नाही. बोटाच्या पेराएवढे तुकडे चारही बाजूंना आणि पोटाला लावा. अंधार पडल्यावर टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला टेकवून धरा आणि तुरीच्या ओळीओळीने चाला. टॉर्च कमरेजवळ धरली तर परतलेला उजेड कमरेकडेच जातो, डोळ्याला काही दिसत नाही.