मनात श्रद्धा असेल तर कपड्यांचं एवढं का? आणि इस्लाममध्ये अंग झाकायचा नियम बायकांनाच का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण गैरसमज तिथेच आहे. नियम दोघांनाही आहे. कुरआनच्या सूरह नूर या अध्यायातली ३० वी आयत, म्हणजे वचन, पुरुषांसाठी आहे: नजर खाली ठेवा, शील जपा. बायकांची ३१ वी त्यानंतर येते. तिच्यात हेच सांगून पुढे 'खिमार' 'जुयूब'वर घ्या, असं म्हटलंय. खिमार म्हणजे डोक्यावरची ओढणी, जुयूब म्हणजे कपड्याचा उघडा गळा. भाष्यकार सांगतात की तेव्हाच्या अरब बायका ओढणीची टोकं पाठीवर सोडत, गळा-छाती उघडी राही. ती टोकं पुढे घ्यायची होती.

पुरुषाला निदान बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकावंच लागतं. रेशीम आणि सोनंही वर्ज्य. तरी मशिदीत नेहमी दिसणारी चूक पुरुषांचीच. आखूड टी-शर्ट, खाली सरकलेली जीन्स. उभं असताना सगळं ठीक असतं, सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवायला, वाकलं की शर्ट वर चढतो, जीन्स खाली ओढली जाते आणि कमरेखालची पाठ उघडी पडते. त्याने नमाजच धोक्यात येते. मांडीपर्यंत येणारा कुर्ता घाला, प्रश्न मिटला.

बाईने नमाजात चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सोडून सगळं झाकायचं. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचे. त्यांच्यात पावलंही झाकावी लागतात, म्हणून पायमोजे किंवा जमिनीला टेकणारा घोळ. हनफी या दुसऱ्या पंथात पावलांना सवलत आहे. कापड पारखायचं तर ते हातावर धरून उजेडात बघा. कातडीचा रंग दिसला तर ते झाकणं धरलं जात नाही; शिफॉनला अस्तर हवंच. गुळगुळीत ओढणी रुकूत, म्हणजे नमाजात कमरेतून वाकताना, घसरते, आत सुती टोपी घातली की जागेवर राहते.

आता श्रद्धेचं. सूरह आराफच्या २६ व्या आयतीत अल्लाह आधी अंग झाकणाऱ्या, शोभा देणाऱ्या वस्त्राचा उल्लेख करतो आणि लगेच म्हणतो की तक्वाचा, म्हणजे ईशभीतीचा, पोशाख सर्वांत उत्तम. दोन्ही एकाच आयतीत आहेत, म्हणून एक घेऊन दुसरा सोडता येत नाही. हया, म्हणजे लाज, ही ईमानची, म्हणजे श्रद्धेची, एक शाखा आहे, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. लोकांनी वळून बघावं म्हणून घातलेल्या पोशाखालाही हदीसमध्ये सक्त मनाई आहे. त्यामुळे माना वळवण्यासाठीच घेतलेला खड्यांचा चमचमता बुरखा अंग पूर्ण झाकूनही, माझ्या मते, या कसोटीला उतरत नाही.