कुत्र्यावरचे गोचीड : औषध कुत्र्याला थोडं, भिंतीला जास्त

प्रश्न : मळ्यातल्या वस्तीवर राखणीला दोन कुत्री आहेत. कानात, पायाच्या बेचक्यांत गोचीड भरलेत. उपटून काढले तरी आठ दिवसांत पुन्हा तेवढेच. घरात लहान पोरं आहेत, विषारी औषध नको. कडुलिंबाचा काही उपाय सांगा, साहेब. (एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा. खटाव आणि आटपाडीतूनही असेच प्रश्न आले आहेत.)

उत्तर : उपाय आहे, पण आधी हे गोचीड येतात कुठून ते बघा. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड जन्मात तीनदा अंगावर चढतो आणि रक्त पिऊन तीनदा खाली उतरतो. टम्म फुगलेली मादी अंगावर अंडी घालतच नाही. ती गळून पडते, भिंत चढते, फटीत शिरते आणि तिथं हजारो अंडी घालून मरते.

मागच्या महिन्यात एका वस्तीवर गेलो होतो. मालक दर रविवारी कुत्र्याला कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घालत होते, तरी फरक नव्हता. कुत्रं झोपायचं त्या गोठ्याच्या दगडी भिंतीची दर्ज निघाली होती. गुडघाभर उंचीवरच्या फटीत तार घातली, तर खसखशीसारख्या तपकिरी दाण्यांचा पुंजका बाहेर आला. ती सगळी अंडी. शेजारी वाळलेली मादी. मालक बराच वेळ त्या तारेकडंच बघत राहिले.

म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. डाळिंबाला करता तोच ५ टक्के निंबोळी अर्क : अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून १० लिटर करा, त्यात २० ग्रॅम साबणचुरा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, फटी आणि चौकटीमागं फवारा. अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून दर आठ दिवसांनी किमान चार फवारण्या हव्यातच. मग फटी बुजवून चुना मारा. कुत्र्याखालचं जुनं पोतं जाळून टाका, पण कडब्याच्या गंजीपासून लांब.

आता कुत्रं. एक लिटर कोमट पाण्यात १० मिली निंबोळी तेल, तेल मिसळेल इतकाच सौम्य साबण. आधी थोड्या जागेवर लावून दुसऱ्या दिवशी कातडी लाल झाली नाही ना ते बघा. मग केसांच्या उलट दिशेनं चोळा. डोळे, नाक, तोंड वाचवा. सुकेपर्यंत चाटू देऊ नका. तीन महिन्यांखालची पिल्लं आणि गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री यांना हे लावू नका. त्यांचे गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखानं किंवा दगडावर चिरडू नका, त्या रक्तात रोगाचे जंतू असू शकतात.

लसूण, वेखंड, हळद, तुळस, घाणेरी आणि लिंबाचा पाला वाटून गाईम्हशींना लावायचं मिश्रण अनेकांकडं आहे. ते कुत्र्याला नको. कुत्रं अंग चाटतं. पोटात गेलेला लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि घाणेरी यकृताला बाधते. तंबाखूचं पाणी, रॉकेल आणि पंपात उरलेलं क्लोरपायरीफॉस (पिकावरचं कीटकनाशक) तर अजिबातच नको. अशा फवाऱ्यानंतर लाळ गाळत, थरथरत पडलेलं कुत्रं मी पाहिलंय. गाईचं गोचिडाचं इंजेक्शनही अंदाजानं टोचू नका.

लिंबानं गोचीड कमी होतात, नवे चढायला कचरतात. पण अंग भरून गेलं असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिथं पशुवैद्यकांकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळी घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि कुत्र्यानं खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर लिंबाचं तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.